ते घर पेटवू नका

*‘सप्रेम नमस्कार. मी अग्निशमन दलात बारा वर्षं आहे. यंदा पहिल्यांदाच २४ प्रशिक्षणार्थींच्या तुकडीला प्रत्यक्ष आगीत उतरवण्याचं काम माझ्याकडे आलंय. पाडायला काढलेलं एक जुनं दुमजली घर सरावासाठी मिळालंय. आमचे वरिष्ठ म्हणतात, खालीवर मिळून तीन खोल्या एकदम पेटवा, घरातलेच जुने सोफे आणि गाद्या जाळा, आणि एका पोराला वरच्या मजल्यावर जखमी म्हणून झोपवा. त्याशिवाय पोरांना खऱ्या वर्दीची, म्हणजे आगीच्या बोलावण्याची, कल्पना येणार नाही. त्यांचा अनुभव माझ्या दुप्पट. उलट बोलायला जीभ उचलत नाही, पण रात्री झोपही लागत नाही. दुसरीकडे वाटतं, मी फार सांभाळून घेतलं तर ही पोरं कच्ची राहतील आणि पहिल्याच वर्दीला गोंधळतील. तुकडीतली एक मुलगी बाकी सगळ्यात पुढे आहे, पण धुराच्या खोलीत तिने मास्क ओढून काढला आणि बाहेर पळाली. तिला आगीत न्यावं का? आणखी एक, घरगुती. गेली तीन वर्षं मी लोखंडी कंटेनरमध्ये आग लावून घ्यायच्या सरावांना मदतनीस असतो. बायको म्हणते, आंघोळ करूनही तुमच्या अंगाला धुराचा वास येतो. यात काळजीसारखं काही आहे का? – एक प्रशिक्षक’*

नमस्कार.

आधी उत्तर सांगतो, कारण तुमचा दिवस जवळ आला असणार. ते घर पेटवू नका. या तुकडीसाठी तर नकोच, आणि वरिष्ठ म्हणतात त्या पद्धतीने कुठल्याच तुकडीसाठी नको.

तुमची झोप उडाली ती भित्रेपणामुळे नव्हे. वरिष्ठांनी सुचवलेल्या तिन्ही गोष्टी याआधी लोकांनी करून पाहिल्या आहेत, आणि त्यांचं काय झालं हे चौकशी अहवालांत लिहून ठेवलेलं आहे.

२५ सप्टेंबर २००१. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं लेअर्ड्सव्हिल हे छोटं गाव. तिथेही दुमजली घर होतं, तिथेही सराव होता, तिथेही दोघांना वरच्या मजल्यावर ‘अडकलेले’ म्हणून ठेवलं होतं. त्यांतला एक १९ वर्षांचा. दलात येऊन त्याला जेमतेम काही आठवडे झाले होते आणि बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) लावून तो त्याआधी कधी आगीत गेलेला नव्हता. खालच्या मजल्यावर सोफ्याच्या फोमच्या गादीने पेट घेतला आणि बघता बघता आग जिन्यातून वर गेली. तो मुलगा वाचला नाही, आणखी दोघे जखमी झाले. सराव चालवणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालला आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल तो दोषी ठरला. पुढे त्या राज्याने सरावात जिवंत माणसाला जखमी म्हणून आत ठेवण्यावर कायद्यानेच बंदी घातली.

दुसरी घटना ९ फेब्रुवारी २००७ ची, बाल्टिमोर शहरातली. रिकामं तिमजली घर, आणि एकापेक्षा जास्त मजल्यांवर अनेक ठिकाणी लावलेल्या आगी. एक प्रशिक्षणार्थी तुकडी खालच्या आगी मागे सोडून वर चढली. वर पोचल्यावर खालून आलेल्या उष्णतेने त्यांना गाठलं. खिडकीतून बाहेर पडण्याची धडपड करताना एक प्रशिक्षणार्थी महिला अडकली आणि गेली.

तुमच्या पत्रात तीन खोल्या आहेत, फोमच्या गाद्या आहेत आणि वर झोपवलेला एक पोरगाही आहे. म्हणून पत्र वाचताना मला एका जागी बसवेना.

या दोन्ही घटनांच्या कितीतरी आधी, जानेवारी १९८२ मध्ये, कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे एका जुन्या इमारतीत सराव करताना दोन अग्निशामक गेले. त्यानंतर अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने प्रत्यक्ष आगीच्या सरावासाठी १४०३ क्रमांकाचं मानक केलं. ते १९८६ साली आलं. म्हणजे लेअर्ड्सव्हिल आणि बाल्टिमोर घडलं तेव्हा नियम छापून कित्येक वर्षं झाली होती. सोडून दिलेल्या घरात एका वेळी एकच आग. जिवंत माणूस जखमी म्हणून आत नाही. फोम, रबर, प्लास्टिक, रसायन लावलेलं लाकूड, पेट्रोलसारखे द्रव असं काही जाळायचं नाही. तुमच्या दलाला हे मानक लागू असो वा नसो, आगीचं वागणं देशागणिक बदलत नाही.

वरिष्ठांच्या बोलण्यात एक विचार राहून गेलाय. वर्दीवर आपण जीव धोक्यात घालतो, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कुणाचा तरी जीव असतो. आत माणूस आहे म्हटल्यावर आपण जळत्या जिन्यावर पाय ठेवतो, आणि ते योग्यच आहे. सरावाच्या आगीत ते दुसरं पारडं रिकामं असतं. आत वाचवायला कुणी नाही. घर तर पाडायचंच आहे. आगही आपणच लावलेली, वेळ आपली, जागा आपली, जळणही आपलंच. अशा आगीत कुणी भाजलं तर ‘आग आहे, चालायचंच’ म्हणण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

आता तुमची दुसरी भीती: पोरं कच्ची राहतील. ही भीती खरी आहे आणि मी ती हलक्यात घेणार नाही. धुराचं मशीन लावलेल्या खोलीत माणूस रांगायला शिकतो, भिंत धरून शोध घ्यायला शिकतो, गाठी सोडवायला शिकतो. पण खऱ्या धुराचा थर छतापासून खाली कसा उतरत येतो, त्याचा रंग कधी गडद होतो, त्याची गती कधी वाढते, आणि त्यात वरच्या वर लाल जिभा नाचू लागल्या की आपल्याजवळ किती थोडा वेळ उरलाय, हे खऱ्या आगीसमोर बसल्याशिवाय कळत नाही. गॅसवर चालणारी सराव-यंत्रं बरी असतात, बटण दाबलं की ज्योत बंद. त्यातच त्यांची खोट आहे. पाणी चुकीच्या जागी मारलं तरी चालवणाऱ्याने बटण दाबलं की आग विझते, आणि मुलगा चुकीचं शिकून घरी जातो. लाकडाच्या आगीत असं होत नाही. नोझलमधून गरजेपेक्षा जास्त पाणी तापलेल्या छताकडे सोडलं की त्याची वाफ होते. वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा घेते आणि सगळी उष्णता आपल्याच अंगावर खाली येते. हे एकदा सोसलं की हात आपोआप आखडता होतो. हे व्याख्यानाने होत नाही. म्हणून प्रत्यक्ष आगीचा सराव हवाच, आणि कुणी तुम्हाला तो बंद करा म्हणालं तर मी तुमच्या बाजूने भांडेन.

या धड्यांत दाराचा धडा मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण तो मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. प्रशिक्षक होऊन मला दोनच वर्षं झाली होती. बंद खोलीत आग दबून बसली होती, धूर खाली आला होता, पोरांना काही दिसत नव्हतं. धूर थोडा निघून जावा, त्यांना ज्वाळा दिसाव्यात, म्हणून मी मागचं दार उघडलं. कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. आग वाऱ्याची वाट बघत होती. काही सेकंदांत ती आमच्या डोक्यांवरून दाराकडे धावली. आम्ही सगळे बाहेर आलो, पण एका मुलाच्या मास्कच्या काचेवर जाळीसारख्या बारीक चिरा पडल्या होत्या. ती काच पॉलिकार्बोनेटची असते आणि १५० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. फ्लॅशओव्हरच्या, म्हणजे सगळी खोली एकदम पेट घेते त्या क्षणाच्या, सुमाराला छताखाली ५०० ते ६०० अंश असतात. त्या मुलाने मला काही विचारलं नाही. तो मास्क मी पुढे बरीच वर्षं वर्गात घेऊन जात असे.

आज घराघरांतल्या आगी तशाच असतात, हवेवाचून दबलेल्या, कारण आजचं सामान वेगाने जळतं आणि खोलीतली हवा लवकर संपवतं. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने दोन सारख्या खोल्या शेजारी शेजारी पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या काळचं लाकडी, कापसाचं सामान, दुसरीत आजचं फोमचं आणि कृत्रिम धाग्यांचं. आजच्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत पूर्ण पेटली. जुन्या सामानाच्या खोलीला २९ मिनिटांहून जास्त लागली.

वरिष्ठ यावरूनच म्हणतील, मग सोफे जाळायलाच हवेत की! त्यांना सांगा, सोफ्याची आग किती वाढेल ते आधी सांगता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्यात नवशिकं पोर न्यायचं नसतं. पण त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट दडली आहे, ती मात्र सोडू नका. लाकडी पॅलेट (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी) आणि पेंढ्याची आग संथ असते. चार-पाच वेळा अशा आगीसमोर बसलेल्या मुलाला वाटू लागतं की आग आपल्याला वेळ देते. ही समजूत घेऊन तो पहिल्या वर्दीला जातो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर त्याला सांगा: आज पाहिलीस ती बांधून ठेवलेली आग होती, घरातली आग हिच्या कितीतरी पट वेगाने येईल. सोफा कसा जळतो ते दाखवायचं असेल तर उघड्यावर, लांबून दाखवा, हातात घड्याळ घेऊन. सगळ्यांना पूर्ण गणवेशात लांब उभं करा, पाण्याने भरलेली लाइन, म्हणजे होजची नळी, तयार ठेवा. घड्याळाचे ते आकडे मुलं जन्मभर विसरत नाहीत.

मग त्या घराचं काय करायचं? त्याचा भरपूर उपयोग आहे. दारं फोडा, कुलपं तोडा, शिड्या लावा, जिन्यावरून लाइन वर न्या, धुराचं मशीन लावून अंधारात शोध घ्या, जखमीच्या जागी वजनदार पुतळा ठेवून तो खिडकीतून खाली उतरवा. अशा सरावासाठी खरं घर मिळणं भाग्याचं. आगीसाठी तुमच्याकडे कंटेनर आहे, तो वापरा. त्यात जळणाचा भाग उंचावर असतो, मुलं खाली बसतात, धुराचा थर डोक्यावरून जातो, आणि मागे सरकायला मोकळी वाट असते.

ते घर पुढे कधी अनुभवी लोकांसाठी पेटवायचंच ठरलं, तर आधी आठवडाभराचं काम आहे: वीज आणि गॅस तोडणे, ॲस्बेस्टॉस काढणे, भिंतींतली भोकं बुजवणे (तिथूनच आग न दिसता वर जाते), जिना आणि जमीन तपासणे, छताला लावलेले जळणारे तक्ते उतरवणे. बोल्डरमध्ये छताच्या लाकडी धाग्यांच्या तक्त्यांनीच घात केला होता. माणसं आणि वेळ नसेल तर तो विषय तिथेच सोडा.

कंटेनरच्या दिवसाबद्दल मी प्रत्येक कलम सांगत बसणार नाही, बारा वर्षांत तुम्ही पुष्कळ पाहिलं आहे. ज्या गोष्टी घाईत सुटतात तेवढ्याच सांगतो. पाच प्रशिक्षणार्थींमागे एक प्रशिक्षक, म्हणजे २४ मुलांना पाच. पेटवणारा, पंपावरचा आणि सुरक्षा अधिकारी या पाचांत मोजू नका. पेटवायचं एकाच माणसाने, तुमच्या तोंडी परवानगीनंतर आणि शेजारी भरलेली लाइन असतानाच. आतल्या लाइनला एका पंपाचं पाणी, मदतीच्या लाइनला दुसऱ्याचं, आणि पाण्याचे स्रोतही वेगळे. एक बंद पडला तर दुसरा चालू राहिला पाहिजे. पेटवण्याआधी सगळ्यांना उजेडात आतून फिरवा, बाहेर पडायच्या दोन्ही वाटा प्रत्येकाला स्वतःच्या हाताने चाचपू द्या. बाहेर काढण्याची खूण एकदा वाजवून ऐकवा, कारण मास्कच्या आत आणि पाण्याच्या आवाजात ती ओळखू येईल असं गृहीत धरता येत नाही.

सुरक्षा अधिकाऱ्याने त्या दिवशी काहीही शिकवायचं नाही. त्याने हात वर केला की सराव थांबला, मग समोर कुणीही असो. ही जागा तुमच्या वरिष्ठांना देऊ नका. ते माणूस म्हणून वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण ज्याला आग मोठी हवी आहे त्याच्या हाती थांबवण्याचं काम देऊन चालत नाही.

बाहेर आल्यावर मुलं हसत असतात, फोटो काढत असतात, आणि आपण निर्धास्त होतो. पण शरीराचं आतलं तापमान बाहेर आल्यानंतरही काही वेळ वाढतच राहतं. अमेरिकेत कर्तव्यावर असताना मरण पावलेल्या अग्निशामकांत अनेक वर्षं मृत्यूचं सर्वांत मोठं एकटं कारण भाजणं किंवा इमारत कोसळणं नव्हतं, ते हृदय होतं. म्हणून कोट काढायला लावा, हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवायला सांगा, बसवा, पाणी पाजा, नाडी बघा. नाडी खाली आली नाही तर दुसरी फेरी नाही. आणि रुग्णवाहिका जागेवर हवी, बोलावल्यावर येणारी नको.

वरिष्ठांशी बोलायचं कसं, हा तुमचा खरा पेच. तुकडीसमोर बोलू नका. योजना एका कागदावर लिहा: किती पॅलेट, किती पेंढा, कोण पेटवणार, कोण थांबवणार, कोण कुठल्या वाटेने बाहेर येणार. तो कागद घेऊन त्यांच्या खोलीत जा आणि म्हणा, ‘साहेब, माझी ही योजना आहे, यावर तुमची सही हवी.’ ते तीन खोल्यांचा आग्रह धरतील तर नम्रपणे म्हणा, ‘मग ती योजना लिहून द्या, मी तशीच्या तशी पुढे पाठवतो.’ मी बघितलंय, तोंडी सहज सांगितलं जातं ते लेखी द्यायची वेळ आली की माणूस पुन्हा विचार करतो. लेअर्ड्सव्हिलच्या अधिकाऱ्याबद्दलही त्यांना सांगा. ‘आम्ही असेच शिकलो’ असं ते म्हणतील. मीही तसाच शिकलो. आमच्या काळात कान भाजला की शाबासकी मिळायची. ते भाजलेले कान घेऊन आम्ही चांगले अग्निशामक झालो, ते त्या भाजण्यामुळे झालो नाही. आणि ज्यांचं नशीब आड आलं ते आज ही गोष्ट सांगायला नाहीत. वाचलेल्यांच्याच गोष्टी ऐकून पद्धत ठरवायची नसते.

एवढं करूनही त्यांनी ऐकलं नाही, तर तुम्ही तो सराव चालवायचा नाही. बढतीवर परिणाम होईल, मला कल्पना आहे. तरीही.

आता तुमच्या घरचं. बायकोचं नाक बरोबर सांगतंय. २०२२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचं कामच कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. धुरातले घातक पदार्थ नाकावाटेच आत जातात असं नाही, कातडीतूनही जातात, विशेषतः मानेवर. तिथे हुडचं (डोकं-मान झाकणाऱ्या टोपीचं) कापड पातळ असतं. वर्षाकाठी मोजक्या वर्द्यांना आगीत जाणाऱ्या जवानापेक्षा आठवड्याला चार फेऱ्या करणाऱ्या प्रशिक्षकाच्या अंगावर धूर जास्त साचतो. इलिनॉयमध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं, की सरावात गोंदाने चिकटवलेल्या लाकडी तक्त्यांऐवजी साधे पॅलेट आणि पेंढा जाळला तर घातक पदार्थ कमी निघतात. कंटेनरमधून निघालात की बीए सेटची हवा चालू असतानाच सूटवर साबणाचं पाणी आणि ब्रश मारून घ्या. नुसत्या त्या धुण्याने वरचा बराचसा थर निघतो. मग ओल्या पुसण्याने मान, कान, जबडा, मनगटं. हुड रोज धुतलेला हवा. सूट घरी न्यायचा नाही, गाडीत तर अजिबात नाही. आंघोळ केंद्रावरच, शक्य तितक्या लवकर. आणि एका दिवसात एका प्रशिक्षकाने किती फेऱ्या करायच्या यावर मर्यादा लिहून घ्या, बदली माणूस ठेवा. मदतनीस म्हणून तुम्ही नुसतेच दाराशी उभे राहत असाल आणि मास्क लावत नसाल, तर उद्यापासून लावा. दाराशी येणाऱ्या धुरातही तेच असतं. वर्षातून एकदा तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना सांगताना नुसतं ‘अग्निशमन दलात आहे’ असं सांगू नका. किती फेऱ्या केल्या तेही सांगा. प्रत्येक फेरीची तारीख एका वहीत लिहून ठेवायला आजच सुरुवात करा.

राहिली ती मुलगी. या तुकडीबरोबर तिला आगीत नेऊ नका, आणि तिला काढूनही टाकू नका. धुरात मास्क ओढला तर खोकला येतो; आगीत ओढला तर एका श्वासात श्वासनलिका भाजते. थंड (मशीनच्या) धुरात पूर्ण सिलिंडर संपेपर्यंत ती शांत राहू शकते हे दिसल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. हे तिला एकटीला बसवून सांगा, शिक्षा म्हणून सांगू नका. आणि आधी विचारा, त्या वेळी नेमकं काय वाटलं. माझ्या अनुभवात अशा दहांतल्या निम्म्या वेळा माणूस घाबरट नसतो, मास्क नीट बसलेला नसतो. सगळ्यांना एकाच मापाचा मास्क द्यायची आपल्याकडे सवय आहे. बारीक चेहऱ्यावर तो कडेने गळतो, धूर आत येऊ शकतो, आणि हवा कमी पडतेय असं वाटून माणूस तो ओढून काढतो. तसं असेल तर तिचं काही चुकलेलंच नाही. माप बरोबर असेल तर मास्क लावून तिला दिवसाउजेडी साधी कामं करू द्या, मग काच झाकून, मग थंड धुरात, दार उघडं ठेवून, मग बंद करून. लाकडी तक्त्यांचा बाहुलीघरासारखा छोटा डबा पेटवून धुराचे थर कसे हलतात ते उघड्यावर बसून बघू द्या. पुढच्या तुकडीबरोबर ती कंटेनरमध्ये बसेल तेव्हा तिची जागा दाराजवळची असू द्या, खांद्याला खांदा लावून प्रशिक्षक. हाताची खूण केली की कसलाही प्रश्न न विचारता बाहेर, हा नियम तिच्या एकटीसाठी नको, चोवीसच्या चोवीस जणांसाठी हवा.

तिच्या मास्कचं माप उद्या सकाळीच घ्या.